जहाजावरची पहिली पंगत की दुसरी?

क्रूझच्या फॉर्मवर पासपोर्ट, पॅन, इन्शुरन्स आणि केबिनचा प्रकार यांच्या गर्दीत एक बारका रकाना असतो. डिनर: अर्ली, लेट की माय टाइम. दर्यापूर, पुसद किंवा वरोऱ्याहून निघणाऱ्या ग्रुपमध्ये हा रकाना बहुधा कोणी वाचतच नाही. एजंट आपल्या मनानं टिक करून मोकळा होतो. नाहीतर रकाना कोरा राहतो आणि जिथे जागा शिल्लक असेल तिथे कंपनी तुम्हाला बसवते. केबिनला खिडकी घ्यायची की बाल्कनी, यावर मात्र घरात आठ दिवस खल चालतो. बाल्कनीत माणूस दिवसाचा अर्धा-पाऊण तास उभा राहतो. जेवणाची वेळ मात्र सबंध संध्याकाळ आपल्या दावणीला बांधते. शो कुठला पाहायचा, बंदरावरून किती वाजता परतायचं, म्हाताऱ्या माणसाची गोळी केव्हा, पोरं केव्हा झोपणार, सगळं तिच्यावर ठरतं.

आधी मांडणी समजून घेऊ. मुख्य डायनिंग रूममधलं रात्रीचं जेवण तिकिटात धरलेलं असतं. ठरलेल्या वेळेच्या पद्धतीत दोन बाऱ्या असतात. पहिली साधारण साडेपाच-सहाची, दुसरी आठ-साडेआठची. टेबल रोज तेच, वेटर तोच, शेजारीही तेच. टेबलाचा नंबर केबिनच्या कार्डावर किंवा कंपनीच्या ॲपमध्ये असतो. मोकळ्या वेळेच्या पद्धतीत, म्हणजे कुठे माय टाइम, कुठे एनीटाइम, तर कुठे आणखी काही नावाखाली, साधारण सहा ते साडेनऊच्या दरम्यान केव्हाही जायचं. ॲपवरून वेळ राखून ठेवा किंवा रांगेत उभे राहा. मिळेल ते टेबल, असेल तो वेटर. याशिवाय वरच्या मजल्यावर बुफे असतोच, आणि तिकडे कोणी वेळ विचारत नाही.

आपल्या गावात हा वाद लग्नमांडवात कधीचाच येऊन बसला आहे. पंगत लावायची की बुफे? पंगतीत माणूस एकदा बसला की त्याची काळजी वाढप्याला. दुसऱ्यांदा वरण आणतानाच त्याला कळतं की या मामाजींना पोळी नको, भात पाहिजे. पण पंगत उठेपर्यंत दुसऱ्या पंगतीच्या लोकांना मांडवाबाहेर ताटकळावं लागतं, आणि उशिरा आलेल्याच्या पानात बुंदी पडतेच याची खात्री नाही. बुफेत कोणी कोणासाठी थांबत नाही, आणि कोणी कोणाला "घ्या ना" म्हणतही नाही. जहाजावर निवड हीच आहे. फरक एवढाच की तिथे ती तीन-चार महिने आधी, कागदावर करावी लागते.

दोन बाऱ्या कशाला, असं वाटेल. मोठ्या जहाजावर तीन-चार हजार प्रवासी असतात आणि डायनिंग रूममध्ये एका वेळी सगळे मावत नाहीत. ठरलेल्या वेळी सगळे एकदम बसले की स्वयंपाकघराला अंदाज पक्का असतो. किती सूप, किती मुख्य ताटं, कोणत्या मिनिटाला काय बाहेर पडायचं, हे आधीच ठरलेलं. म्हणून ठरलेल्या बारीत ताट सहसा गरम येतं आणि जेवण दीड तासात आटोपतं. मोकळ्या पद्धतीत लोक थेंब-थेंब येतात असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात सगळ्यांना साडेसहा ते आठच्या मध्येच भूक लागते. रांग त्याच वेळेला लागते, आणि या पद्धतीबद्दलची बरीचशी कुरकुर याच दीड तासातली.

मोकळ्या पद्धतीचा बोलबाला नॉर्वेजियन क्रूझ लाइननं २००० साली 'फ्रीस्टाइल' नावानं केला. त्यानंतर बहुतेक मोठ्या कंपन्यांनी ठरलेल्या वेळेच्या जोडीला ती ठेवली. रॉयल कॅरिबियननं २०१४ साली 'क्वांटम ऑफ द सीज' काढताना एक पाऊल पुढे टाकलं. एकच मोठी डायनिंग रूम काढून टाकली, तिच्या जागी चार लहान रेस्टॉरंट केली आणि प्रत्येकानं रोज आपापलं बुकिंग करायचं ठरवलं. लोक वैतागले. आमचं टेबल, आमचा वेटर परत द्या म्हणाले. थोड्याच काळात कंपनीला ती योजना गुंडाळावी लागली. सोय वाढली तरी माणसाला आपला वाढपी हवा असतो, हे कंपनीला बरेच पैसे घालवून कळलं.

आता ज्या गोष्टीकडे एजंट, कंपनी आणि आपण सगळेच दुर्लक्ष करतो तिच्याकडे येऊ. ती म्हणजे पोटातलं घड्याळ.

सिंगापूर भारताच्या अडीच तास पुढे आहे. तिथल्या जहाजावर पहिली बारी साडेपाचची असेल, तर आपल्या पोटाच्या हिशेबानं ती दुपारी तीनची. चढायच्या दिवशी दुपारी बुफेत सगळ्यांनी दाबून खाल्लेलं असतं, आणि तीन-चार तासांत पांढऱ्या टेबलक्लॉथसमोर परत बसायचं. कोणाला जेवण जात नाही. वेटरला वाटतं पदार्थ आवडला नाही, तो बिचारा दुसरा आणून देतो, तोही तसाच राहतो. रात्री दहाला, म्हणजे आपल्या साडेसातला, खरी भूक लागते. तेव्हा डायनिंग रूम बंद असते आणि सगळी मंडळी पिझ्झ्याच्या काउंटरपुढे उभी. शरीर नव्या वेळेकडे दिवसाला साधारण तासभर सरकतं असं धरलं, तर तीन-चार रात्रींची सफर संपत येते तेव्हा कुठे ते जागेवर येतं. म्हणून सिंगापूरहून निघणाऱ्या छोट्या क्रूझला दुसरी बारी घ्या. आठचं जेवण म्हणजे आपले साडेपाच. तेही लवकरच, पण निदान घास उतरतो. आधी दोन-तीन दिवस सिंगापूर-मलेशिया फिरून मग जहाजावर चढणार असाल, तर प्रश्न निम्म्यानं हलका होतो.

युरोपात गाडी उलटी. उन्हाळ्यात बार्सिलोना किंवा रोम आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. तिथली साडेआठची दुसरी बारी म्हणजे आपल्या रात्रीचे बारा. गावात नऊला दिवा मालवणारी माणसं सूपच्या वाटीसमोर डुलक्या घेतात, आणि ताट येईपर्यंत कोणीतरी खोलीवर निघून गेलेलं असतं. तिथे पहिलीच बारी हवी. सहा म्हणजे आपले साडेनऊ, सुरुवातीचे दोन दिवस तेही उशिराच वाटेल. दुबई दीड तास मागे. सहाची बारी आपल्या साडेसातला पडते, आणि आपल्या लोकांना याहून सोयीची वेळ सापडणार नाही. मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपकडे जाणार असाल तर घड्याळाचा प्रश्नच नाही, बाकीचे मुद्दे बघा.

शेतकरी घराच्या बाबतीत एक गोष्ट शहरातले एजंट गृहीत धरत नाहीत. गावाकडे जेवणाची वेळ ठरलेली असते, हा समज अर्धाच खरा. रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं असलं की "लाइन कवा हाय?" या प्रश्नावर सगळं घर चालतं. कृषिपंपाचा पुरवठा पाळीनं, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात कोणी सातला जेवून वावरात जातं, तर कोणी पाणी बदलून मध्यरात्री येऊन भाकर खातं. अशा माणसाला माय टाइम मुळीच परकं वाटत नाही. अडचण होते ती घरातल्या बाईला, शाळेतून रिटायर झालेल्या गुरुजींना आणि वर्षानुवर्षं ठरल्या वेळी गोळ्या घेणाऱ्यांना. तेव्हा एका ग्रुपमध्येही सगळ्यांना एकाच दोरीत बांधायची गरज नाही.

मधुमेहाचं नीट सांगायला हवं. टेबलावर बसल्यापासून पहिला पदार्थ समोर यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, मुख्य ताट यायला पाऊण तासही लागू शकतो. ब्रेडची टोपली मात्र बसताक्षणी येते. ठरलेल्या बारीत हा हिशेब रोज जवळपास सारखा राहतो, त्यामुळे इन्सुलिनची वेळ डॉक्टरांना विचारून एकदाच बसवता येते. मोकळ्या पद्धतीत रांग किती लागेल हे कोणी सांगू शकत नाही. इंजेक्शन घेऊन रांगेत उभं राहणं धोक्याचं. माय टाइमच घ्यायचं असेल तर टेबल मिळाल्यावर, ऑर्डर देताना वेळ ठरवा आणि खिशात बिस्किटं किंवा ग्लुकोज ठेवा.

शाकाहारी लोकांसाठी आमचा कल सरळ ठरलेल्या वेळेकडे आहे, त्याचं कारण तोच वाढपी. मेनूवर शाकाहारी पदार्थापुढे खूण असते, पण त्या खुणेत अंडं चालतं. भाजीचं सूप चिकनच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं. मूस, जेली, काही पुडिंग यांत जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला घट्ट करणारा पदार्थ, असू शकतं. "व्हेज" एवढं म्हणून भागत नाही. अंडं नको, मांसाचा स्टॉक नको, जिलेटिन नको, असं एकेक मोजून सांगावं लागतं. ठरलेल्या टेबलावर हे पहिल्या रात्री एकदा सांगितलं की पुढच्या रात्री विचारावं लागत नाही. हेड वेटर जेवण संपताना उद्याचा मेनू दाखवतो. त्यात काही जमत नसेल तर उद्यासाठी इंडियन व्हेज आजच सांगून ठेवायचं, म्हणजे स्वयंपाकघराला चोवीस तास मिळतात. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री बघा: बसायच्या आत टेबलावर चिरलेला कांदा, लिंबाची फोड आणि उभी चिरलेली हिरवी मिरची एका बशीत मांडलेली असते. कोणी मागितलेली नसते. काल कोणीतरी मागितली होती, तेवढ्यावर. मोकळ्या पद्धतीत हीच बशी रोज नव्यानं मागावी लागते, आणि रोज नव्या माणसाला जिलेटिन समजावावं लागतं.

कारंजा लाड, शिरपूर या बाजूचे जैन लोक मोठ्या संख्येनं फिरतात, आणि त्यांचा हिशेब सगळ्यात कडक. सूर्यास्ताच्या आत जेवायचं असेल तर वर सांगितलेलं पोटाचं घड्याळ बाजूला ठेवावं लागतं. सिंगापूरला सूर्य बारा महिने साधारण सातला मावळतो. म्हणून साडेपाचची पहिली बारी चालते, आठची नाही. जूनमध्ये बार्सिलोनाला नऊनंतरही उजेड असतो, तिथे काही अडत नाही. पण डिसेंबरातल्या दुबईत साडेपाचच्या सुमारास सूर्य जातो, आणि सहाची पहिली बारीसुद्धा उशिराची ठरते. अशा वेळी बुफे किती वाजता उघडतो हे आधी विचारून तिथेच जेवून घ्यायचं. कांदा-लसूण-कंदमुळाशिवायचं जेवण जहाजावर चढल्यावर मागून मिळेल असं धरू नका. महिना-दीड महिना आधी एजंटकडून कंपनीला लेखी कळवायला सांगा आणि कंपनीचं उत्तर मागून घ्या. एजंटनं फोनवर "हाव, सांगून टाकलं ना" म्हटलं, म्हणजे कळवलं असं होत नाही.

एकादशीच्या उपासाला साबुदाणा मिळणार नाही. फळं, दही, भाजलेला बटाटा यावर निभवा. घरी केलेलं खाणं जहाजावर न्यायला बहुतेक कंपन्या मनाई करतात. कारखान्यात सीलबंद केलेली राजगिऱ्याची चिक्की किंवा लोणच्याची पाकिटं सहसा चालतात, तरी कंपनीची यादी एकदा बघा. घरचा ठेचा बरणीतून नेण्याचा हट्ट बंदरावर मोडतो.

ग्रुपचं गणित वेगळंच. बावीस जण असतील तर एक टेबल मिळणार नाही. टेबलं दोन, चार, सहा, आठ, दहा जणांची असतात. शेजारशेजारची तीन टेबलं, आठ-आठ-सहा, ही नीट मागणी. त्यासाठी सगळ्या केबिनचे बुकिंग नंबर एकमेकांशी जोडावे लागतात, आणि हे काम एजंटचं. नंबर जोडले नाहीत तर एकच बारी असूनही काकाजी या कोपऱ्यात, वहिनी त्या कोपऱ्यात आणि मधे अनोळखी लोकांच्या टेबलावर शाळकरी पोरगं एकटं, असा प्रकार होतो. मोकळ्या पद्धतीत बावीस जणांचा ग्रुप सातला येऊन उभा राहिला तर अर्धा-पाऊण तास सहज जातो, कारण तीन टेबलं एकाच वेळी रिकामी व्हायला हवीत. मोठ्या ग्रुपला माय टाइम घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ग्रुपची मजा टेबलावरच असते, आणि ती रांगेत विरते.

नवरा-बायको दोघंच असतील किंवा चौघांचं कुटुंब असेल, तर माय टाइम चांगलं. त्यातही एक युक्ती जाणकार लोक करतात. ॲपवरून रोज एकच वेळ राखून ठेवायची, समजा पावणेआठ, आणि दुसऱ्या रात्री दारावरच्या माणसाला कालच्याच वेटरचं टेबल मागायचं. बहुतेकदा मिळतं. मग ठरलेल्या वेळेचा आपलेपणा मिळतो, आणि बंदरावरून उशीर झाला त्या दिवशी वेळ बदलायची मोकळीकही राहते. बुकिंग चढायच्या आधी, ॲप सुरू होताच करावं. पहिल्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमाराची वेळ शोधायला जाल तर सव्वापाच किंवा सव्वानऊ एवढंच उरलेलं असतं.

शोचं सोपं आहे. थिएटरचे खेळ सहसा दोन, आणि ते बाऱ्यांना धरूनच लावलेले. पहिल्या बारीवाल्यांनी जेवून दुसरा खेळ पाहायचा, दुसऱ्या बारीवाल्यांनी खेळ पाहून जेवायला जायचं. माय टाइमवाल्यांनी दोन्ही स्वतः जुळवायचं.

बंदराच्या दिवशी पहिल्या बारीची फरपट होते. जहाज सहाला सुटणार असेल तर साडेपाचपर्यंत, कधी त्याहीआधी, सगळे वर हवेत. घामेजलेल्या कपड्यांत येऊन अंघोळ करून पावणेसहाला टेबलावर बसणं लहान पोरं आणि म्हातारी माणसं असलेल्या घराला जमत नाही. मुख्य डायनिंग रूममध्ये रात्री हाफ पँट पुष्कळ जहाजांवर चालत नाही, म्हणून कपडे सहसा बदलावेच लागतात. (पांढरा सदरा-पायजमा किंवा नऊवारी फॉर्मल नाइटला, म्हणजे नटूनथटून जेवायला जायच्या रात्रीसुद्धा शोभून दिसते. भाड्यानं कोट घ्यायची गरज नाही.) दार उघडल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी आलात तर कुरकुर होते, त्याहून उशीर झाला तर बुफेकडे वळवतात. त्या दिवशी सरळ बुफेत जा आणि वेटरला आदल्या रात्रीच तसं सांगून ठेवा. म्हणजे तो टेबल मांडून वाट पाहत बसणार नाही.

यात घड्याळाची एक गोची आहे. सिंगापूरहून निघालेलं जहाज फुकेतला लागतं तेव्हा थायलंड एक तास मागे असतं. जहाजानं आपली वेळ बदलली नसेल तर मोबाइल किनाऱ्यावरचा टॉवर पकडून पाच दाखवतो, आणि जहाजावर वाजलेले असतात सहा. जेवण हुकलं तर बुफे आहे, जहाज हुकलं तर नाही. ग्रुपमधल्या दोघा-तिघांनी साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवावं आणि उतरताना त्याच्यावरच भरोसा ठेवावा.

टिपचा गैरसमज जाताजाता. मोकळ्या वेळेला टिप जास्त पडते असं काही नाही. बहुतेक कंपन्या आता माणशी रोज साधारण सोळा ते वीस डॉलर खात्यावर लावतात, दोन्ही पद्धतींना सारखेच. चौघांच्या घराला चार रात्रींचे, रोजचे अठरा धरले, तर २८८ डॉलर होतात. हे पॅकेजमध्ये धरलेत की जहाजावर भरायचे, ते बुकिंगच्या दिवशीच विचारा. शेवटच्या दिवशी बिल पाहून "बाप्पा, हे कायचे पैसे?" म्हणायची वेळ पुष्कळांवर येते. ठरलेल्या टेबलावरच्या वेटरला वेगळं पाकीट द्यायचं की नाही, तो आपल्या मनाचा प्रश्न.

चुकीची बारी मिळाली तरी घाबरायचं कारण नाही. चढल्या दिवशी दुपारी डायनिंग रूमच्या दारापाशी किंवा ठरवलेल्या जागी मेत्र डी, म्हणजे तिथला मुख्य व्यवस्थापक, यादी घेऊन बसतो. कुठे आणि किती ते किती, हे त्या दिवसाच्या पत्रकात किंवा ॲपमध्ये असतं. सामान खोलीवर टाकायच्या आधी तिथे जा, कारण बदल आधी आलेल्याला मिळतो. शाळांच्या सुट्टीत पोराबाळांची जहाजं असतात, तेव्हा पहिली बारी भरलेली असते. भूमध्य समुद्रात स्पेन-इटलीचे लोक उशिरा जेवणारे, तिथे दुसरी आधी भरते आणि पहिली आपल्यासारख्यांना सहज मिळते. आपल्याकडे शाळा जूनच्या अखेरीकडे उघडतात. तरी मृगाच्या आत परत यायचं म्हणून बहुतेक शेतकरी घरं मे महिन्यातच निघतात, म्हणजे नेमक्या गर्दीत. तेव्हा बुकिंगच्या वेळीच बारी पक्की करून घेतलेली बरी. समुद्र लागतो अशांनी टेबल मागताना खोलीच्या मधलं, जहाजाच्या मध्याकडचं मागावं. डायनिंग रूम पुष्कळदा मागच्या टोकाला असते, आणि अगदी टोकाच्या काचेजवळ हेलकावा जास्त जाणवतो. सूर्यास्त दिसतो म्हणून तेच टेबल सगळ्यांना हवं असतं, ती गोष्ट वेगळी.

शेवटच्या रात्री दुसऱ्या बारीवाल्यांची धावपळ होते. मोठ्या बॅगा साधारण दहा-अकराच्या आत केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि जेवण दहाला संपतं. त्या दिवशी जेवायला जायच्या आधीच बॅगा भरून, कंपनीनं दिलेले टॅग बांधून दाराबाहेर काढा. सकाळचे कपडे, चपला, औषधं आणि पासपोर्ट मात्र हातातल्या पिशवीत ठेवा. बॅग एकदा गेली की ती थेट बंदरावरच दिसते.